पाटल्या घरी आल्या

पगारानंतरचा पहिला शनिवार म्हणजे तोरसकरांकडे पंगतीचा दिवस. माणसांची नव्हे, डब्यांची. सुचित्रा सकाळची कामं उरकून हॉलमध्ये चटई टाकायची आणि तिच्यावर सुंदराबाईंच्या खानावळीतले जुने डबे ओळीनं मांडायची. करी रोडच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, चकचकीत टाइल्सवर बसलेले ते चेपके डबे पाहून पाहुण्यांना हसू यायचं. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं होतं. भिवा, अप्पा, रघुनाथ. गिरणीतले हे जेवणकरी संपात गावी गेले आणि आपला डबा न्यायला परत आलेच नाहीत. आता भिवाच्या डब्यात दुधाचे पैसे असत, अप्पाच्या डब्यात औषधांचे आणि रघुनाथच्या डब्यात गणपतीला गावी जायचे. महिन्याच्या अखेरीस "आमचा भिवा संपला," असं तिच्या मुलाने, ध्रुवने, एकदा वर्गात सांगितलं होतं, तेव्हा बाईंनी घरी फोन करून सुचित्राचं सांत्वन केलं होतं.

डबा संपला की संपला, शेजारच्या डब्यात हात घालायचा नाही, हा सुचित्राचा एक नियम. दुसरा नियम आजेसासूचा. सुंदराबाई भात चुलीवर ठेवण्याआधी मापलेल्या तांदळातून माणशी एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकायच्या. वाणी उधार द्यायचा बंद होईल त्या दिवसासाठी. सुचित्राने सुंदराबाईंना पाहिलं नव्हतं, पण घर गळ्यापर्यंत बुडालं तेव्हा तिला हीच गोष्ट आठवली. घरात येणाऱ्या चार पगारांतून आधी कर्जाची मूठ निघायची, उरेल त्यात डबे भरायचे.

आणि बुडालं कसं होतं, तर सगळ्यांच्या सोबतीनं, हसतखेळत. चाळीच्या जागी टॉवर झाला आणि भाड्याच्या शंभर रुपयांऐवजी मेंटेनन्सचं बिल येऊ लागलं. नव्या घरात जुनं कपाट शोभेना म्हणून हप्त्यांवर फर्निचर आलं, फर्निचरला शोभेसा टीव्ही आला. मग धाकट्या दिराचं, मयूरचं लग्न. ऋण काढून सण करू नये, ही म्हण या घरात दरवर्षी म्हटली जायची आणि दरवर्षी सण झाल्यावरच. दीड वर्षापूर्वी वसुलीवाल्याने थेट तिच्या नवऱ्याच्या, स्वप्नीलच्या ऑफिसात, त्याच्या साहेबाला फोन केला. त्या संध्याकाळी तो घरी येऊन बूट न काढता बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सुचित्राने माळ्यावरून डबे खाली काढले.

दीड वर्षात क्रेडिट कार्डं फिटली, फर्निचर फिटलं, स्वप्नीलचं पर्सनल लोन फिटलं. उरलं होतं ते फक्त पतपेढीतलं सोन्यावरचं कर्ज. मयूरच्या लग्नासाठी सुंदराबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्याचं व्याज सगळ्यात कमी, म्हणून सुचित्राने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. शिमग्यापर्यंत तेही मिटलं असतं. परळच्या हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर बसून ती दिवसभर लोकांच्या आयुष्यातले वाईट आकडे पाहायची. स्वतःच्या घरचा आकडा उतरताना पाहून तिला अलीकडे झोप लागू लागली होती.

आज डबे मांडून झाले तेव्हा हॉलमध्ये सगळे होते. सासरे आनंदा खुर्चीत, सासू अंबिका भाजी निवडत, स्वप्नील चहाचा कप घेऊन. धाकटी जाऊ श्रेया दादरला दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, आज तिने सुट्टी घेतली होती. दोन आठवड्यांवर गणपती आले होते आणि यंदा गौरी पूर्वा नक्षत्रावर येत होत्या, म्हणजे नव्या सुनेला पहिला ओवसा करता येणार होता. गौरीपुढे सुपं भरून मांडायची, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायची, आणि त्यांनी सुपात काहीतरी टाकून नव्या सुनेचं कौतुक करायचं. कोणी पैसे टाकतं, कोणी साडी. सासूने दागिना टाकायचा. सगळी भावकी हे बघायला पडवीत जमते, आणि भावकीचे डोळे सुपाकडेच असतात.

शेवटी मयूर आला. आला तो गालातल्या गालात हसत, आणि त्याने चटईवर, भिवा आणि अप्पाच्या मधोमध, लाल कागदाची पुडी ठेवली.

"उघड ना, आई."

अंबिकाने हात पदराला पुसले, पुडी उघडली. पाटल्या होत्या. जाड, जुन्या घडणीच्या, एका बाजूला झिजलेल्या. अंबिकाने त्या कपाळाला लावल्या.

"काल संध्याकाळी सोडवल्या. म्हटलं, सरप्राइज," मयूर म्हणाला. "आजीने तुझ्या ओवशाला सुपात घातल्या, तशा तू श्रेयाच्या सुपात घाल. फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकलाय, तुम्ही कोणी बघितलाच नाहीत. मीराआत्याचे सकाळपासून तीन मेसेज आले."

आनंदा खुर्चीतून वाकून बघत होता. स्वप्नीलही हसला. एक क्षणभर सुचित्रालासुद्धा इतकं बरं वाटलं की, आपण विचारूच नये, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ती बिलाच्या खिडकीवर बसणारी बाई होती.

"मयूर, पैसे कुठून आणले?"

*

ती हे विचारणार, हे मयूरला ठाऊक होतं. तिने ते पहिल्या मिनिटात विचारू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

तो लालबागच्या मोबाइल शोरूममध्ये सेल्सला होता. ज्याच्या खिशात पाच हजार नाहीत त्याला साठ हजारांचा फोन हसत हसत घेऊन द्यायचा, हे त्याचं कामच होतं. 'दिवसाचे किती पडतात, एका वडापावचे,' हे वाक्य तो रोज वीस वेळा बोलायचा. परवा जेवणाच्या सुट्टीत त्याने ते स्वतःलाच ऐकवलं आणि स्वतःच गिऱ्हाईक झाला.

"केलं काहीतरी ॲडजस्ट," तो म्हणाला.

"काहीतरी म्हणजे?"

"ॲपवरून घेतले. एक लाख वीस हजार. दोन वर्षांचे हप्ते आहेत, मी भरेन. घरातून एक रुपया नको."

बाहेर कुठेतरी गणपतीच्या मंडपाच्या बांबूंवर हातोडा पडत होता.

"व्याज किती?" सुचित्राने विचारलं.

"वहिनी, प्लीज. आज नको."

"किती रे?"

"एकतीस टक्के."

"पतपेढीचं दहा होतं," सुचित्रा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. "दहाचं फेडायला एकतीसचं काढलंस. आणि हप्ता तुझ्या पगारातून जाणार म्हणजे मुठीतूनच जाणार. वेगळी मूठ आणणार कुठून?"

"तुम्हाला सगळीकडे टक्केच दिसतात का हो?" मयूर एकदम उसळला. "दीड वर्ष झालं. मी एक पिक्चर बघितला नाही थिएटरात. मित्रांनी बोलवायचं सोडलं. लग्न झाल्यापासून हिला एकदा अलिबागला पण नाही नेलं. मी काही बोललो? पण ही गोष्ट वेगळी आहे. पाटल्या आपल्या आहेत. लहानपणापासून ऐकतोय मी, संप झाला, गिरणी गेली, पण आजीने सुनेचं सूप रिकामं ठेवलं नाही. आणि आम्ही, चौघं कमावणारे, तीन लिफ्टच्या टॉवरमधले, आम्ही काय टाकणार सुपात? काकडी?"

त्याने श्रेयाकडे पाहिलं. ती आपल्या बाजूनं बोलेल असं त्याला वाटलं होतं. ती पाटल्यांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्याला पहिल्यांदाच वाटलं की, आपण हिला आधी विचारायला हवं होतं.

"बोलला तो काही खोटं नाही," स्वप्नील हळूच म्हणाला. "झालं ते झालं, सुचित्रा. फेडू आपण. एवढं फेडलं तर हे पण फेडू."

सुचित्राने नवऱ्याकडे पाहिलं. ज्याने बूट न काढता रात्र काढली होती तोच हा माणूस.

*

अंबिकाचा जीव पाटल्यांपाशी होता. त्यांचं वजन हातात आल्यावर तिला आपण साठ वर्षांच्या आहोत असं वाटेनासं झालं. धाकट्याने चूक केली असेल, पण केली कोणासाठी? आईच्या मानासाठी. आणि ही थोरली लगेच हिशोबाला बसली.

"सुचित्रा, पोरगा आनंदानं घेऊन आला," ती म्हणाली. "एक दिवस तरी आनंद करू द्यायचा होतास. घर काय नुसतं डब्यांवर चालतं?"

"आई, पतपेढी दीडला बंद होते," सुचित्रा म्हणाली. "ॲपवाल्यांचे पैसे उद्यापर्यंत परत केले तर एक-दोन दिवसांचंच व्याज घेतात आणि खातं बंद करतात. मी आत्ताच अटी वाचल्या त्याच्या फोनवर. फी बुडेल दोन-तीन हजार. पण उद्या गेला की दोन वर्षं अडकलो. पाटल्या आज परत ठेवायला हव्यात."

"परत ठेवायच्या?" अंबिकाने पाटल्या मुठीत आवळल्या. "ग्रुपवर फोटो गेलाय. अख्ख्या गावाने बघितलाय. आता श्रेयाच्या सुपात काही पडलं नाही तर मीरावन्स काय म्हणतील? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"माझ्या कुड्या गेल्या तेव्हा कोणी फोटो टाकला नव्हता."

हे सुचित्रा बोलून गेली. तिला ते बोलायचं नव्हतं, निदान असं नाही. डबे सुरू केले त्या पहिल्या महिन्यात क्रेडिट कार्डाचं तोंड बंद करायला तिने कुड्या विकल्या होत्या. गहाण नाही, विकल्या. तिच्या ओवशाला अंबिकानेच सुपात घातलेल्या कुड्या. दादरच्या सोनाराकडे ती एकटी गेली होती आणि येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन आली होती. घरातल्यांनी कोथिंबीर पाहिली.

अंबिकाला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तिने त्यावर कधी शब्द काढला नव्हता, कारण शब्द काढला असता तर काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि द्यायला तिच्यापाशी काही नव्हतं. तिने मान खाली घातली. पुढ्यात अर्धी निवडलेली मेथी होती.

तेव्हा आनंदा बोलला. तो घरात फारसा बोलत नसे. गिरणी गेल्यावर वॉचमन म्हणून पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गेटवर उभं राहून त्याची बोलायची सवय गेली होती.

"अगो," तो अंबिकाला म्हणाला, "सांग त्याला."

"काय सांगू?"

"तुझ्या ओवशाचं. मी होतो तिथं. चाळीस वर्षं मी काही बोललो नाही. तुला बरं वाटतं ना तसं सांगून, म्हणून. पण आता पोरगा त्याच्यापायी कर्ज काढून बसला."

अंबिकाने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू तो भर बाजारात तिच्या डोक्यावरचा पदर ओढत होता. मग तिने मेथीची परात बाजूला सारली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कोणाचा, हे तिला कळत नव्हतं.

"पाटल्या नव्हत्या माझ्या सुपात," ती म्हणाली.

मयूरला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

"नव्हत्या. संपात सासूबाईंनी जेवणकऱ्यांना कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. त्यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे म्हणून पाटल्या सावकाराकडे ठेवल्या. हे डबेवाले, भिवा, अप्पा, रघुनाथ, ह्यांच्या भातात गेल्या पाटल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा संप मोडून दोन वर्षं झालेली, तरी त्या तिथंच. माझा ओवसा आला. माझी आई, मावशी, सगळी भावकी पडवीत. सासूबाई उठल्या, कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या सुपात मूठभर तांदूळ टाकले. तांदूळ."

"मग?" श्रेयाने विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"मग काय? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणालीच, सुंदरावयनी, मुंबयवाल्यांचा सोना खंय गेला? सासूबाई म्हणाल्या, माझा सोना रातपाळीक गेला हा. सुटला काय येतला." अंबिका थांबली. "मी मागच्या दारी जाऊन रडले. वाटलं, मला ह्यांनी सगळ्यांत हलकी केली. पाटल्या मला मिळाल्या त्या स्वप्नीलच्या बारशाला. पण तेव्हा बघायला कोण होतं? खोलीत चार माणसं. मग मी हळूहळू सांगायला लागले, ओवशाला मिळाल्या म्हणून. पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं. मग तुम्हाला. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं."

मयूर खाली बसला. त्याला काय वाटत होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. लहानपणापासूनच्या गोष्टीतलं भरलेलं सूप रिकामं झालं होतं आणि त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र खरं होतं.

"आई, आधी सांगायचं ना यार," तो एवढंच म्हणाला.

*

श्रेया या घरात आली तेव्हा पाटल्या गेलेल्याच होत्या. तिने त्या कधी पाहिल्या नव्हत्या, पण त्या आपल्या लग्नापायी गेल्या, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कोणी सांगितलं नाही, अशा गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत. मांडवाला लावलेली फुलं, हॉलचं भाडं, घोड्यावरून आलेला मयूर. त्या घोड्याचे पैसे आपण अजून फेडतोय असं तिला डब्यांच्या पंगतीत दर महिन्याला वाटायचं, आणि पगारातली मूठ देताना ती कधी कुरकुरली नाही ती त्यामुळेच.

"मला विचारलंस का तू?" ती मयूरला म्हणाली. "ओवसा कोणाचा आहे?"

"तुझ्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी नाही, ग्रुपसाठी केलंस." तिने हे शांतपणे म्हटलं, पण मयूरचे कान लाल झाले. "उद्या त्या पाटल्या सुपात पडल्या तर दोन वर्षं मला त्यांच्याकडे बघून हप्ता आठवणार. ताईंच्या कुड्या गेल्या आणि माझ्या सुपात सोनं पडलं, ते मी घालू कशी हातात?"

"मग लोकांना काय सांगायचं?" स्वप्नील म्हणाला. पण त्याचा सूर आता बदलला होता. तो विचारत होता, भांडत नव्हता. त्याने घड्याळाकडेही पाहिलं.

अंबिका उठली. तिने श्रेयाचा हात धरला आणि पाटल्या एकेक करून तिच्या मनगटावर चढवल्या. श्रेयाचा हात बारीक, पाटल्या ढिल्या पडल्या.

"सैल आहेत," अंबिका म्हणाली. "सासूबाई भाकऱ्या थापायच्या, त्यांचं मनगट असं होतं. सोडवल्या की थोड्या आवळून घेऊ." मग तिने त्या तितक्याच सावकाश उतरवल्या आणि लाल कागदात बांधल्या. "चल रे, मयूर. कर्ज तुझ्या नावावर, सही तुझी लागेल. सुचित्रा, तू पण चल. हिशोबातलं मला कळत नाही."

"फी बुडेल ती?" आनंदाने विचारलं.

"माझा गणपतीचा ड्रेस नको," मयूर म्हणाला. "रघुनाथच्या डब्यातले माझ्या कपड्यांचे त्यात घाला."

"रघुनाथमध्ये हात घालायचा नाही," सुचित्रा म्हणाली. मग तिने डबा उघडून त्याच्या वाट्याचे काढले. "आजच्या दिवस."

*

पतपेढी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होती. गणपतीच्या आधी तिथं मिरच्या कांडण्याची यंत्रं अखंड चालतात. गल्लीत शिरल्याबरोबर तिघांनाही शिंका सुरू झाल्या. अंबिका पुडी पदरात धरून मधून चालत होती, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. आणि तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला.

"मीरावन्स," ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

मीराबाई, आनंदाची धाकटी बहीण, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. भावकीतल्या कोणाच्या लग्नात भात कमी पडला, कोणाची साडी आधी नेसलेली होती आणि कोणाची नवी, हे तिच्या जिभेवर असायचं. "मी बोलू का आत्याशी?" मयूरने विचारलं. अंबिकाने मान हलवली आणि फोन कानाला लावला.

"वयनी, फोटो बघितलंय," मीराबाईचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आयेच्या पाटल्ये. सकाळपासून किती वेळा बघितलंय. बरा वाटला माका."

"मीरावन्स, पाटल्ये ओवशाक नाय येवचे." अंबिकाने एक श्वास घेतला. "पोरान कर्ज काढून सोडवलेले. परत ठेवूक चललंय."

मग, "आणि सुपात काय घालतलास?"

"मूठभर तांदूळ."

"वयनी, लोका काय म्हणतली?"

अंबिकाने सुचित्राकडे पाहिलं. सुचित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीचं असेल किंवा नसेलही.

"इचारल्यानी तर सांगतलंय," अंबिका म्हणाली. "माझा सोना रातपाळीक गेला हा. सुटला काय येतला."

पलीकडे मीराबाई कशावर तरी बसल्याचा आवाज आला.

"ह्या आयेचा बोलणा," ती म्हणाली. आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. "मी पडवीत होतंय तेव्हा. तुमी मागच्या दारी रडत होतात ता पण माका ठावक आसा. मी कोणाक सांगूक नाय कधी."

"कोणालाच नाही?" अंबिका इतकी चकित झाली की प्रमाण मराठीत बोलली.

"नाय. श्रेयाक सांगा, पयला सूप माका दी. बघतंय मी कोण हसता ता."

फोन ठेवल्यावर अंबिका थोडा वेळ तशीच उभी राहिली. चाळीस वर्षं जिच्या तोंडाला ती घाबरली, तिने तेवढीच वर्षं तिचं गुपित पोटात ठेवलं होतं. हातगाडीवाला "बाजू, मावशी" म्हणाला तेव्हा ती हलली.

वर खिडकीतला कारकून ओळखीचा होता. त्याने पुडी सोडली, पाटल्या पाहिल्या आणि चष्म्यावरून मयूरकडे पाहिलं.

"काय हो, कालच सोडवून नेल्या ना? आज परत?"

मयूर खाली बघू लागला. सुचित्रा काहीतरी सांगणार, तेवढ्यात अंबिका पुढे झाली.

"रजेवर आल्या होत्या," ती म्हणाली. "एका दिवसाच्या. आता कामावर घ्या."

कारकुनाला काही कळलं नाही. सुचित्राला हसू फुटलं, ते तिने आवरायचा प्रयत्न केला आणि मग आवरला नाही. मयूरही हसला, जरा घाबरत. पाटल्या तागडीत गेल्या, कागदांवर सह्या झाल्या, पैसे मयूरच्या खात्यात आले. तो बाकावर बसला आणि सुचित्राने शेजारी उभं राहून, एकेक बटण बघत, त्याच्याकडून ॲपचं सगळं कर्ज परत करून घेतलं. खातं बंद झाल्याचा मेसेज आला तेव्हा त्याने तो तिला दाखवला. मग न सांगता त्याने ते ॲपच फोनवरून काढून टाकलं.

"सोमवारपासून दुकानात तेच विकायचंय मला," तो म्हणाला.

"वीक," सुचित्रा म्हणाली. "पण वडापावचं वाक्य सांगू नकोस."

"तुम्हाला कोणी सांगितलं ते?"

"मीच तुझ्याकडून फोन घेतलाय ना. विसरलास?"

तो पुढे धावत गेला, श्रेयाला फोन करायला. सासू-सुना जिना उतरू लागल्या. जिना अंधारा, पायऱ्या झिजलेल्या. अंबिकाने सुनेचा दंड धरला होता, तो खाली आल्यावरही तिने सोडला नाही.

"शिमग्याला हे मिटेल म्हणालीस ना?"

"मिटेल, आई. आता आहे तसंच चालू ठेवलं तर नक्की."

"मग पाडव्यापासून मूठ कशाची काढायची?"

"बघू ना. साठवू थोडे."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अंबिकाने विचारलं, "तुझ्या कुड्यांची घडण कशी होती, आठवते का? सोनाराला सांगावी लागेल."

सुचित्राला आठवावं लागलं नाही.

"सात मोती," ती म्हणाली. "मधे लाल खडा. डावीकडचा एक मोती जरा पिवळट होता."

"तो पिवळटच सांगू," अंबिका म्हणाली, आणि दोघी घराकडे वळल्या.